पद्मिनी-अ‍ॅम्बॅसॅडरच्या खालच्या पत्र्याला कोटिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जुनी फियाट, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडर सडते ती गुडघ्याच्या खाली. दारांखालची लांब पोकळ पेटी म्हणजे सिल, दारांच्या खालच्या कडा, मडगार्डचा चाकामागचा भाग, पुढचं-मागचं एप्रन, म्हणजे बंपरखालचा पत्रा. छत आणि बॉनेट चाळीस वर्षांनंतरही ठणठणीत असतं आणि सिलमध्ये बोट जातं. या गाड्यांना जीप-ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडीच सगळा भार पेलते आणि सिल त्या भाराचा मोठा वाटा उचलते. त्यामुळे इथला गंज म्हणजे नुसती दिसण्याची अडचण नव्हे. सिल खचली की दारं लागेनाशी होतात, जॅक लावला की पत्रा आत जातो.

कोटिंगबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आधीच काढून टाकू. स्टोन चिप कोटिंग बाहेरून बसणाऱ्या खडीच्या माऱ्यापासून वाचवतं. सिल मात्र बहुतेक वेळा आतून सडते, कारण पावसाचं पाणी दारातून आणि काचेच्या रबरातून खाली उतरून पोकळीत साचतं. बाहेर कितीही जाड थर मारला तरी आतलं पाणी थांबत नाही. उलट निचऱ्याची भोकं त्या थराखाली बुजली तर गाडी लवकर सडते. म्हणून या कामाचे दोन भाग समजायचे: बाहेर कोटिंग, आत मेण. आतलं सोडून नुसतं बाहेरचं करायचं असेल तर पैसे वाचवलेले बरे.

नाशिकमध्ये पत्र्याला काय काय सोसावं लागतं

शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तीस-चाळीस किलोमीटरवर चित्र पार बदलतं. इगतपुरीचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात जातो. पावसाळ्यात दर रविवारी त्र्यंबक किंवा कसारा घाटाकडे जाणारी गाडी आणि वर्षभर कॉलेज रोडवर फिरणारी गाडी यांच्या खालच्या पत्र्याची तुलनाच नको. निफाड-दिंडोरीकडची काळी माती आणखी त्रासदायक. ती मडगार्डच्या आतल्या कडेवर चिकटून बसते, वरून सुकलेली दिसते आणि आत आठवडाभर ओल धरून ठेवते.

द्राक्षबागेजवळ गाडी उभी राहत असेल तर फवारणीकडेही लक्ष हवं. बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात, चुना कमी पडला आहे का, हे बागायतदार लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळा आहे, चुना वाढवायचा. तोच मोकळा मोरचूद उघड्या पत्र्यावर पडला तर तिथेही तांबं बसतं आणि त्याच्या कडेने लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. डिकीतून पोटॅशच्या गोण्या वाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण म्युरिएट ऑफ पोटॅश हे क्लोराइड आहे. समुद्र शंभर किलोमीटरवर असला तरी मीठ आपण स्वतःच गाडीत भरून आणतो.

कोणतं कोटिंग घ्यायचं

दुकानात “अंडर कोटिंग” मागितलं की चार वेगवेगळ्या गोष्टी समोर येऊ शकतात.

डामराचं काळं कोटिंग सगळ्यात स्वस्त. ते फक्त गाडीच्या पोटाखाली ठीक. बाहेर दिसणाऱ्या पत्र्यावर लावू नये, कारण वरून रंग मारला की डामर त्यातून पिवळट-तपकिरी डागांच्या रूपाने वर येतो. शिवाय काही वर्षांनी ते कडक होऊन तडकतं, तडीतून पाणी आत शिरतं आणि पापुद्र्याखाली गंज पसरत जातो. वरून सगळं काळं आणि छान दिसत असतं.

रबर किंवा रेझिनचं स्टोन चिप कोटिंग, ज्याला बरेच जण बॉडी शुट्झ म्हणतात, ते आपल्या कामाचं. एक लिटरच्या डब्यात मिळतं, डबा थेट शुट्झ गनला (हवेच्या दाबाने हे कोटिंग फवारणाऱ्या बंदुकीला) लावता येतो, सुकल्यावर थोडं लवचिक राहतं आणि त्यावर गाडीचा रंग बसतो. डब्यावर “रंगवता येतं” असं स्पष्ट लिहिलेलं हवं. सारख्याच दिसणाऱ्या डब्यांमध्ये न रंगवता येणारा प्रकारही असतो.

पिकअपच्या हौद्यात मारतात ते दोन भागांचं पॉलियुरेथेन कोटिंग फार टणक असतं. क्लासिक गाडीवर ते टाळावं असं आमचं मत. पुढे कधी पत्रा बदलायची वेळ आली तर ते काढताना डेंटरचा जीव जातो, आणि त्याचा खरखरीत पोत साठ-सत्तरच्या दशकातल्या बॉडीवर उपरा दिसतो.

चौथी गोष्ट म्हणजे पारदर्शक फिल्म. मूळ रंग चांगला असेल आणि तो झाकायचा नसेल तर ही उत्तम, पण फक्त निरोगी पत्र्यावर.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांवरची आहे आणि व्हिंटेज नोंदणी करायची आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. गंजलेल्या पत्र्याला त्याच आकाराचं ठिगळ ही दुरुस्ती आहे. सिल कापून तिथे चौकोनी पाइप बसवणं हा फेरबदल. काम सुरू करण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून ठेवा. चेसिस नंबरच्या जागेवर ना ग्राइंडर फिरवायचा, ना कोटिंग मारायचं.

सामान किती लागेल

सुमारे चार मीटर लांबीच्या गाडीची बाजू घ्या. चाकांच्या जागा वजा केल्या की अडीच मीटरच्या आसपास पट्टा उरतो. त्याची उंची २५ सेंटिमीटर धरली, दोन्ही बाजू आणि दोन्ही एप्रन मिळवले, की साधारण २ चौरस मीटर होतात. एक लिटर कोटिंग २ चौरस मीटरवर पसरलं तर ओला थर अर्धा मिलिमीटर येतो. काही माल हवेत उडतो, म्हणून बाहेरच्या भागासाठी दोन डबे घ्यावेत. मडगार्डच्या आतूनही मारायचं असेल तर आणखी दोन.

टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर: तयार मिश्रण अर्धा लिटर पुरतं, पण एक लिटरचा संच घ्या, ठिगळांच्या मागच्या बाजूला कामी येतो. वरचा टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंग: मारण्याजोगा पातळ केलेला सुमारे ६०० मिलिलिटर, खरखरीत थर सपाट पत्र्यापेक्षा जास्त रंग पितो. पत्र्याचे जोड बुजवणारा सीम सीलर: पीयू किंवा एमएस पॉलिमरच्या दोन ट्यूब. पोकळीत मारायचं मेण: दीड लिटर, म्हणजे प्रत्येक सिलला अर्धा लिटरपर्यंत आणि उरलेलं दारांत. याशिवाय ८०, १८० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, ग्राइंडरला लावायचा तारेचा कप, ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, चांगली मास्किंग टेप आणि जुनी वर्तमानपत्रं.

शुट्झ गन हवा भरपूर खाते. पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर दम टाकतो आणि मध्येच दाब पडला की पोत बदलतो. २ एचपी आणि ५० लिटरच्या वरची टाकी हवी, सोबत पाणी पकडणारा फिल्टर.

मुहूर्त

दसऱ्यानंतर ते मार्च हा चांगला काळ. पावसाळ्यात नकोच. हिवाळ्यात सकाळी पत्र्यावर दव असतं, निफाडच्या बाजूला तर पारा फारच खाली जातो आणि १० अंशांखाली इपॉक्सी नीट पिकत नाही. म्हणून फवारणी साधारण ११ ते ४ या वेळात करायची. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. पत्रा इतका तापतो की थेंब पोचेपर्यंत सुकतो, थर धुळीसारखा बसतो आणि नखाने निघतो. तेव्हा सावलीत आणि सकाळीच काम उरका.

नियम सोपा आहे: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २४ च्या आसपास असतो, म्हणजे २७ अंशांच्या खाली असलेल्या पत्र्यावर प्रायमर मारायचा नाही. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ स्वस्तात मिळतं, ते भिंतीला लावून टाका.

आधी बघणं, मग धुणं

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर घ्या, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली जाऊ नये. घोड्या सिलच्या पत्र्याखाली नकोत, तो सडका निघाला तर घोडी आत घुसेल. अ‍ॅक्सल किंवा स्प्रिंगच्या पक्क्या जागेखाली लावा.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून खालच्या पट्ट्यावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडका बद्द. संशय आला तिथे टोक घालून बघा. भोक पडेल म्हणून घाबरू नका, ते आधीच पडलेलं असतं, फक्त दिसत नव्हतं.

आता निचऱ्याची भोकं शोधा: सिलच्या खालच्या कडेला आणि प्रत्येक दाराच्या तळाशी. तारेने मोकळी करा. पुष्कळदा मूठभर काळी माती, वाळकी पानं आणि गंजाची खपली बाहेर पडते. दारांची आणि सिलची पोकळी पाण्याने धुवा, मडगार्डच्या आतून प्रेशर मारा आणि गाडी दोन दिवस उन्हात सुकू द्या. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. जोडपट्ट्यांमध्ये शिरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत निघत नाही आणि प्रायमरखाली अडकलं की महिन्याभरात फोड येतात.

जुना डामर असेल तर हीट गनने मऊ करून पट्टीने खरवडा, उरलेला रॉकेल किंवा डिझेलने पुसा आणि नंतर सॉल्व्हंटने तेही काढा. ब्लो टॉर्च वापरू नका. जवळच पेट्रोलचा पाइप असतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवण्यापेक्षा वॉटर पेपरने ओलं घासा आणि नंतर पत्रा लगेच, पूर्ण कोरडा करा.

गंज

इथे घाई करणाऱ्याचं पुढचं सगळं काम वाया जातं. तारेचा कप फिरवून पत्रा चकचकीत दिसला की लोक थांबतात. तारेचा कप खड्ड्यांतला गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. त्यानंतर ८० नंबरने घासा आणि भिंगातून बघा. काळे ठिपके दिसत असतील तर ते जिवंत गंजाचे आहेत.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सँडब्लास्टिंग करून घ्यायचा मोह होईल. तिथली बरीचशी कामं जाड कास्टिंग आणि फॅब्रिकेशनची असतात, त्या दाबाने आणि वाळूने मिलिमीटरभर जाडीचा सपाट पत्रा पापडासारखा वाकडा होतो. सुटे छोटे भाग द्यायचे असतील तर जाडी आधी सांगा आणि बारीक माल, कमी दाब मागा. दार किंवा मडगार्ड देऊ नका.

ठिपके उरलेच तर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट रिमूव्हर लावता येतं, पण सांगितलेल्या वेळेनंतर ते पूर्ण धुऊन, सुकवूनच पुढे जायचं. अ‍ॅसिड उरलं तर इपॉक्सी त्यावर धरत नाही. याच कारणाने एच (etch) प्रायमरवर, म्हणजे अ‍ॅसिड असलेल्या प्रायमरवर, इपॉक्सी मारू नये. दोन्ही चांगली आहेत, एकत्र नांदत नाहीत.

पत्रा आरपार गेला असेल तर लांबी, फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी यांनी भागवू नका. निरोगी धातू लागेपर्यंत कापा आणि १८ ते २० गेजच्या सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याचं ठिगळ वेल्डिंगने बसवा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, गालिचा आणि फोम बाहेर काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा. सिल कापायची असेल तर एका वेळी एकच बाजू, आणि दाराच्या चौकटीत आडवा आधार टाकूनच. दार लावून फटी मोजत राहा. आधार न देता कापलेली बॉडी मध्ये झुकते आणि त्याच अवस्थेत वेल्ड झाली की दार आयुष्यभर घासत राहतं. हे काम डेंटरकडून करून घ्या; बाकीचं घरी जमतं.

प्रायमर आणि सीलर

पत्रा १८० नंबरने घासा. दोन स्वच्छ कापडं घ्या: एकाने सॉल्व्हंट लावायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचं. एकाच कापडाने पुसलं तर ग्रीस नुसतं इकडून तिकडे जातं. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला हात लावायचा नाही. त्याच शेडमध्ये कुणी टायर किंवा डॅशबोर्ड पॉलिशचा फवारा मारत असेल तर त्याला आधी थांबवा. सिलिकॉनचा कण पत्र्यावर बसला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, मोजपट्टीच्या कपात. अंदाजाने हार्डनर जास्त टाकला म्हणून ते लवकर पिकत नाही, फक्त ठिसूळ होतं. मिसळल्यावर डब्यावर थांबायला सांगितलं असेल तर थांबा. दोन हात मारा, मध्ये साधारण अर्धा तास. प्रायमर किंचित लपणाऱ्या जागी, म्हणजे खालच्या दुमडलेल्या कडेच्या आतही पोचला पाहिजे. गन पोचत नसेल तर ब्रशने लावा, तिथे कुणी बघत नाही.

पत्र्याच्या प्रत्येक जोडावर सीम सीलर बोटाने दाबून भरा. बाथरूमचं सिलिकॉन चालणार नाही. त्यावर रंग बसत नाही आणि आंबट वास येणारा प्रकार सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतो, म्हणजे गंजाला आपणच आमंत्रण. सिलच्या खालच्या निचऱ्याच्या फटीत सीलर अजिबात भरायचा नाही.

इपॉक्सीवर किती तासांत पुढचा थर मारायचा हे डब्यावर असतं. ती वेळ चुकली तर ३२० नंबरने हलकं घासून, पुसून मगच पुढे. गुळगुळीत, पिकलेल्या इपॉक्सीवर मारलेलं कोटिंग प्रेशर वॉशरच्या पहिल्याच फटक्यात सालीसारखं निघतं.

कोटिंग

मास्किंगला फवारणीपेक्षा जास्त वेळ द्या. वरची सीमारेषा बॉडीच्याच एखाद्या कडेवर किंवा क्रोमच्या पट्टीखाली घ्या. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध काढलेली रेषा लांबूनही खुपते. कडक पायरी नको असेल तर टेप उलटी दुमडून लावा, त्यामुळे थर हळूहळू पातळ होत संपतो. दारांच्या फटीत आणि दाराच्या आतल्या कडेवर कोटिंग जाऊ देऊ नका. तिथे थर जाड झाला की दार घासतं आणि पहिला टवका तिथूनच उडतो. निचऱ्याच्या भोकांत टेप गुंडाळलेल्या आगकाड्या खोचा, आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट. सायलेन्सर, ब्रेकचे पाइप आणि ड्रम, हँडब्रेकची केबल, रबरी बुश, अर्थिंगची जागा हे सगळं झाका.

डबा दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. पत्र्याच्या तुकड्यावर किंवा पुठ्ठ्यावर आधी पोत जमवा. दाब ३ ते ५ बार, अंतर २० ते ३० सेंटिमीटर. दाब वाढवला की दाणा बारीक होतो, कमी केला की जाड. एकदा जमला की दोन्ही बाजू पूर्ण होईपर्यंत नॉबला हात लावायचा नाही. पहिला हात पातळ, पंधरा-वीस मिनिटं थांबून दुसरा भरीव, लागला तर तिसरा. एकाच दमात जाड मारलं तर वरची साय सुकते, आतलं थिनर अडकतं आणि आठवड्याने बारीक छिद्रं किंवा सुरकुत्या दिसतात. टेप थर ओला असतानाच, थराकडे दुमडत ओढा. सुकल्यावर ओढली तर कड फाटते. आगकाड्याही तेव्हाच काढा.

रात्रभर सुकू द्या, थंडीत दोन दिवस. मग पीयू रंगाचे दोन-तीन हात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतं. रुमाल किंवा कापडी मास्कचा इथे काहीही उपयोग नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज आणि कण अडवणारा फिल्टर असलेला मास्क, चष्मा, हातमोजे आणि वाहती हवा हवी. इपॉक्सीलाही उघडा हात लावू नका, एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती जात नाही.

मेण सगळ्यात शेवटी

क्रम चुकवू नका. आधी मेण मारलं तर ते जोडांतून पाझरतं आणि तिथे कोणताही रंग धरत नाही. रंग पूर्ण पिकल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याने, लांब नळी आणि चारी बाजूंनी फवारणारं टोक सिलच्या आत शेवटपर्यंत घाला, मारत मारत बाहेर ओढा. वेल्डिंगच्या उष्णतेने ठिगळाच्या मागचा प्रायमर जळालेला असतो आणि तिथे पोचणारी ही एकच गोष्ट. दारांच्या तळाशीही मारा, काचेच्या पट्ट्यांपासून लांब. निचऱ्यातून मेण ठिबकू लागलं की ते खालपर्यंत पोचलं असं समजा. खाली पुठ्ठा पसरा, ठिबकणं दिवसभर चालतं. ते थांबल्यावर प्रत्येक भोकात तार घालून वाट मोकळी करा.

पुढची देखभाल

पहिला आठवडा धुणं नको, पहिला महिना प्रेशर वॉशर नको. पावसाळा संपला की मडगार्डच्या आतली माती पाइपने धुवा आणि निचऱ्यांत तार फिरवा. दर दोन वर्षांनी पावसाळ्याआधी सिलमध्ये थोडं मेण.

कुठे टवका उडून पत्रा दिसला तर त्याच आठवड्यात हाताळा. सुटलेली कड ब्लेडने निरोगी थरापर्यंत कापा, १८० नंबरने घासा, पुसा, बारीक ब्रशने इपॉक्सी लावा. दुसऱ्या दिवशी कोटिंग ब्रशने थोपटून पोत जुळवा, वर रंगाचा हात. यासाठी उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, हार्डनर न मिसळता ठेवा. हार्डनरची बाटली वेगळी आणि घट्ट बंद हवी; हवेतली ओल लागून तो गढूळ झाला असेल तर टाकून द्यायचा.